पैठणला खरंच बंदर होतं का? (सातवीच्या मुलांसाठी मदत हवी)

नाथसागर_बाई

नमस्कार मंडळी. मी पैठण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला शिकवते. पुढच्या महिन्यात केंद्राच्या सगळ्या शाळांचं प्रदर्शन आहे आणि आमच्या वर्गाच्या वाट्याला विषय आलाय ‘आपला गाव आणि समुद्र’. विषय फळ्यावर लिहिला तर अर्धा वर्ग हसायला लागला. एक मुलगी म्हणाली, “बाई, आपल्याकडं समुद्र कुठाय? आपल्याकडं धरण हाय.” तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक जण उभा राहिला. “माझे आजोबा सांगतात, पैठणला जहाजं लागायची. नागघाटाला. रोमचे लोक यायचे.”

झालं, वर्गानं ठरवून टाकलं. पुठ्ठ्याचं मोठं जहाज करायचं, निळ्या कागदाची गोदावरी अंथरायची आणि जहाज नागघाटाला बांधून उभं करायचं. पुठ्ठा गोळासुद्धा झालाय.

मी लहानपणी हेच ऐकलंय. पैठण मोठं बंदर होतं, असं आमच्याकडं कुणीही सांगेल. पण मुलांच्या हातून करून घ्यायचं म्हटल्यावर मला पक्कं माहीत हवं. नदीतून जहाजं येत होती का? नसतील येत, तर पैठणचा समुद्राशी नेमका संबंध काय? ज्यांना माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहा. घरातल्या, नदीच्या आठवणी असतील तर त्याही लिहा, मुलांना वाचून दाखवीन.

भोकरदनकर

बाई, विषय लई चांगला मिळालाय. आधी थेट उत्तर देतो. नाही. समुद्रातलं जहाज पैठणला येत नव्हतं, येऊच शकत नव्हतं.

गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगवते. तिथून अरबी समुद्र ऐंशी किलोमीटरवर, पण नदी त्याच्याकडं पाठ करून पूर्वेला जाते. साधारण १४६५ किलोमीटर वाहून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे जहाजाला पैठणला यायचं तर पार आंध्राच्या टोकाकडून, पापिकोंडाच्या घळीतून, खडकांवरून, प्रवाहाच्या उलट हजारावर किलोमीटर यावं लागेल. इंग्रजांच्या काळात आर्थर कॉटननं खालच्या गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा बांधला. नंतर वऱ्हाडचा कापूस नावेनं समुद्रापर्यंत न्यायचा म्हणून वरच्या अंगाला कामं काढली. वाटेतल्या खडकाळ टप्प्यांनी तेही पुरं होऊ दिलं नाही. इंग्रजांच्या सुरुंगांना जे जमलं नाही ते दोन हजार वर्षांपूर्वी शिडाच्या जहाजाला कसं जमावं? आणि धरणाआधी उन्हाळ्यात पैठणची गोदा कशी असायची ते जुन्या माणसांना विचारा. डोह तेवढे उरायचे.

गंगाथडी

भोकरदनकर, तुमचं म्हणणं पटलं तरी मन मानत नाही. आमच्या आज्यानं सांगितलेलं सगळं खोटं का मग? सातवाहनांच्या नाण्यावर जहाज आहे, हे तर पुस्तकात छापलंय. राजधानी पैठणला आणि नाण्यावर जहाज, ते कामून बरं?

भोकरदनकर

आजोबा खोटं बोलत नव्हते. त्यांच्यापर्यंत आलं ते त्यांनी सांगितलं. पैठणचा माल समुद्रापार जात होता हे शंभर टक्के खरं. पिढ्यान्‌पिढ्या सांगताना मधली वाट गळाली आणि माल जायचा त्याचं ‘जहाज यायचं’ झालं, एवढंच.

नाण्याचं म्हणाल तर जहाजाची नाणी खरी आहेत. शिशाची आहेत, वासिष्ठीपुत्र पुळुमावी आणि यज्ञश्री सातकर्णी यांच्या काळातली. जहाजाला दोन डोलकाठ्या स्पष्ट दिसतात. पण ती नाणी सापडतात ती पूर्व किनाऱ्याला, आंध्र-तमिळनाडूकडं. सातवाहनांचं राज्य तिकडच्या समुद्राला टेकलं होतं, म्हणून तिकडच्या नाण्यावर जहाज. नागघाटावरचं दृश्य नाहीये ते.

कोयताबंद

मी बीडकडचा. इतिहासातलं मला काही कळत नाही, वाचतो फक्त. पण माल जायचा तर कसा जायचा? बैलगाडीनं का?

तेरणाकाठ

हो, बैलगाडीनंच! आणि हे कुणी अंदाजानं सांगितलेलं नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं लिहिलेला ‘पेरिप्लस’ म्हणून ग्रंथ आहे. कुठल्या बंदरात काय विकतं, काय मिळतं, वारं कधी धरायचं, सगळं त्यात आहे. लिहिणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. त्यात पैठण आहे आणि आमचं तेरही आहे. तेरला तो ‘तगर’ म्हणतो.

तो लिहितो की बारिगाझापासून, म्हणजे भरूचपासून, दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे. तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, मोठं शहर. पैठणहून गोमेदासारखे रंगीत दगड भरपूर येतात. तगरहून साधं कापड, तलम मलमल आणि जाडंभरडं कापड येतं. आणि हे सगळं गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भरूचला उतरतं. तिथं जहाजात भरलं की पुढं तांबडा समुद्र, इजिप्त आणि रोम.

तर बाई, पैठणचं बंदर होतं, पण ते भरूचला होतं! आणि तगरचंही तेच.

नाथसागर_बाई

तेरणाकाठ, अंगावर काटा आला वाचून. वीस दिवस! मुलांना हे सांगितलं तर पहिला प्रश्न येणार, वीस दिवस कामून लागायचे?

कोयताबंद

आता ह्याचं उत्तर मी देतो. ह्यातलं मला कळतं.

मह्या बापानं बावीस वर्षं गाडीवर ऊस वाहिला. आम्ही दिवाळी झाली की कारखान्याला जायचो, मीही सात हंगाम गाडीवर होतो. भरल्या गाडीची एक जोडी दिवसाला सहा-सात कोस चालते, म्हणजे वीस किलोमीटरच्या आसपास. सपाट असलं तर थोडं जास्त. काळ्या रानात चाक रुतलं की चार कोसाला बी दिवस जातो. बैलाला दुपारी सोडावं लागतं, पाणी पाजावं लागतं, वैरण खाऊन रवंथ करायला वेळ द्यावा लागतो. हे तुम्ही चुकवलं तर तिसऱ्या दिवशी बैल बसतो आणि मग उठत नाही. बैलाच्या पायाची पत्री निघाली तर दिवस गेला. आख तापला, वंगण संपलं तर दिवस गेला.

आता गणित करा. पैठण ते भरूच आजच्या रस्त्यानं सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास धरा. वीस किलोमीटरनं भागलं की वीस-एकवीस दिवस येतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसानं वीस लिहिलं. बाई, बैल तेव्हाही तेवढाच चालत होता. त्या माणसाला कुण्या गाडीवानानंच हे सांगितलं असणार, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

गंगाथडी

कोयताबंद, हात जोडले. इतकी पुस्तकं वाचून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

अजिंठ्याचा_वाटाड्या

एकवीसच्या एकवीस दिवस सपाट रस्ता धरू नका, मधे घाट आहे! मी कन्नड-सोयगावच्या पट्ट्यातला. गेली अठरा वर्षं पाहुण्यांना लेणी दाखवतो. पैठणहून भरूचला जायचं तर आपलं पठार उतरून खानदेशात जावंच लागतं. आजही गाड्या कन्नडचा घाट उतरून चाळीसगावला जातात. त्या घाटाच्या जवळच पितळखोऱ्याची लेणी आहेत, अजिंठ्याच्या सुरुवातीच्या लेण्यांइतकी जुनी. तिथल्या खांबांवर ब्राह्मी लेख आहेत आणि त्यात दान देणारे कोण, तर ‘पतिठाण’चे लोक. पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाच्या, म्हणजे अत्तर-सुगंधाचा व्यापार करणाऱ्याच्या, घराण्यानं खांब दिलाय.

पैठणचा अत्तरवाला घाटमाथ्यावरच्या लेण्याला खांब कशाला देईल? त्याचा माल त्याच वाटेनं जात होता म्हणून. घाट उतरण्याआधी मुक्काम तिथं, भिक्खूंचा आसरा तिथं. मुलांना कधी सहलीला पितळखोऱ्याला घेऊन या. पायऱ्या बऱ्याच आहेत पण ती पोरं पळतील.

भोकरदनकर

वाटाड्या, आमचं भोकरदनही यात घ्या. जुनं नाव भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर भोगवर्धनच्या दात्यांचे लेख आहेत. इथल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीची मूर्ती निघाली, तशीच तेरलाही आहे. आणि तशाच घडणीची एक मूर्ती सापडली थेट इटलीत, पॉम्पेईच्या राखेखाली. ते शहर इसवी सन ७९ मध्ये गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याच्या आधीच तिकडं पोचलेली. ती नेमकी भोकरदनची का तेरची का आणखी कुठली, यावर विद्वान भांडत असतात. भांडू देत. घडणारे हात आपल्या भागातल्या हातांचे भाऊबंद होते, एवढं मला पुरतं.

तेरणाकाठ

तेरची, तेरची 😊 

बाई, जमलं तर मुलांना तेरला आणा. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गावातून, शेतातून, पावसात उघड्या पडलेल्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीतून, वस्तू गोळा केल्या. त्यांच्याच नावाचं सरकारी संग्रहालय आहे. मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती, रोमन धाटणीचे दिवे, हस्तिदंताच्या वस्तू. शंखाच्या बांगड्यांपाशी मुलांना जरा थांबवा. शंख समुद्रातलाच ना? तेरणेच्या काठी तो उगवत नाही. माल नुसता जात नव्हता, समुद्रही आपल्या गावात येत होता, बायांच्या मनगटावर.

नाथसागर_बाई

‘समुद्र बायांच्या मनगटावर’. हे मी फळ्यावर लिहिणार आहे.

लदेणीवाला

सगळं वाचतोय. एक गोष्ट राहिली. तुम्ही सगळे गाडी-गाडी करताय, पण सगळी वाट गाडीची नव्हती.

पैठणहून समुद्राला जायची दुसरी वाट जुन्नरवरून नाणेघाट उतरून कल्याण-सोपाऱ्याला. नाणेघाट मी चढलोय. ती दगडात खोदलेली चढण आहे, तिथून गाडी उतरणं शक्यच नाही. तिथं पाठीवर ओझं लादलेले बैल आणि माणसंच. घाटाच्या तोंडाशी गुहा आहे, तिच्यात सातवाहन राणी नागणिकेचा मोठा लेख आहे आणि वर दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणतात तो.

आमच्या तांड्यातली म्हातारी माणसं लदेणीच्या गोष्टी सांगायची. बैलांच्या पाठीवर गोण्या टाकून मीठ आणायचं, धान्य न्यायचं. ते सातवाहनांच्या फार नंतरचं, मला मान्य आहे. पण घाट तोच, बैल तोच, आणि मीठही समुद्राचंच. माझ्या आजीला समुद्र कधी बघायला मिळाला नाही. पण ती मिठाचा खडा जिभेवर ठेवून सांगायची, “हा खडा मह्या आज्याच्या बैलाच्या पाठीवरून आला.” मुलांनी गाडी करावी, पण एक पाठाळ बैलही करावा, गोणी लादलेला.

अजिंठ्याचा_वाटाड्या

लदेणीवाला, तुमचं अगदी बरोबर. भरूचच्या वाटेला गाडी, नाणेघाटाला पाठाळ. आणि त्या काळात कल्याणची वाट मधेमधे बंद पडायची. त्याच ग्रंथात आहे की कल्याणला चुकून लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भरूचला नेत. सातवाहन आणि क्षत्रप, म्हणजे भरूचकडचे शक राजे, यांची बंदरावरून ओढाताण चालली होती. म्हणून पैठणचा माल जवळचं बंदर सोडून लांबच्या भरूचला जायचा. नकाशा बघितला की मुलं हे विचारणारच, उत्तर तयार ठेवा.

भोयाची_लेक

बाई, तुम्ही नदीच्या आठवणी मागितल्यात म्हणून लिहिते. मी पहिल्यांदाच इथं लिहितेय.

आमचं घर भोयाचं. धरणाच्या आधी आजोबांची नाव होती, पैठणच्या वरच्या अंगाला. सुगीला ज्या घरची माणसं वर्षभर पलीकडं नेली त्या घरून पायली-दोन पायल्या ज्वारी मिळायची. पैसे कुणी देत नव्हतं आणि आजोबा मागतही नव्हते. नाथषष्ठीला मात्र दिवसरात्र वल्हं हातात. पलीकडच्या दिंड्या, पखवाज, तुळस डोक्यावर घेतलेल्या बाया. आजोबा म्हणायचे, षष्ठीच्या दिवशी नावेत चढणाऱ्याला जात विचारायची नाही, कारण नाथांनी विचारली नव्हती.

उन्हाळ्यात नदीला उतार पडला की नाव वाळूवर पालथी घालायची, भेगांत डांबर-चिंध्या भरायच्या. पावसाळ्यात लांब वेळूनं तळ चाचपत जायचं, तळ लागेनासा झाला की वल्हं घ्यायचं. भोवरा कुठं फिरतो, कुठल्या खडकाला वळसा घालायचा, हे त्यांच्या पायांना कळायचं. नाव नसली तर गुळाची काहिल पाण्यात सोडायची नाहीतर वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधायची.

१९६५ ला शास्त्रीजींनी धरणाची कोनशिला बसवली, १९७६ ला इंदिराजींनी लोकार्पण केलं. मधल्या अकरा वर्षांत आमच्यासारखी शंभराहून जास्त गावं उठली. आमचं घर, आजोबांचा घाट, पालथी नाव घालायची ती वाळू, सगळं नाथसागराच्या खाली आहे. धरणानं मराठवाड्याला पाणी दिलं, आमचीही शेती त्याच्यावरच पिकते, मी धरणाला नावं ठेवत नाही. पण दुष्काळात पाणी खाली गेलं, जुन्या देवळाचं शिखर उघडं पडलं की आई अजून काठावर जाऊन हात जोडते.

माझे भाऊ आता धरणात मासे धरतात. लाकडी नाव परवडत नाही, थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं टाकतात. वाऱ्यानं लाटा उठल्या की जीव मुठीत. नाथसागराला समुद्र नुसता कौतुकानं म्हणत नाहीत, तिथं लाट उठते.

बाई, तुमच्या प्रदर्शनात जहाज नसलं तरी चालेल. एक नाव ठेवा.

नाथसागर_बाई

ताई, नाव नक्की. शब्द देते. वर्गात दोन भोयाची मुलं आहेत. मी आजवर त्यांना घरच्या नावेबद्दल एकदाही विचारलं नाही, याचं मला आज वाईट वाटतंय. उद्याच विचारते.

तेरणाकाठ

भोयाची लेक, तुमच्यासाठी एक सांगतो. भरूचला नर्मदेचं मुख फार धोक्याचं. भरती-ओहोटी इतकी जोराची की नवखं जहाज वाळूवर आपटायचंच. मग तिथल्या राजानं काय केलं होतं? स्थानिक कोळी-मासेमारांना पगारी नेमलं होतं. ते मोठ्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जायचे आणि परदेशी जहाजांना उथळ चुकवत, भरती साधत, ओढून आत आणायचे. त्या होड्यांची नावंही ग्रीक माणसानं लिहून ठेवलीत, ‘त्रप्पग’ आणि ‘कोटिंब’. पैठणचा गोमेद रोमला पोचला तो तुमच्या आजोबांसारख्यांच्या हातानं. तळ चाचपणाऱ्या माणसांच्या.

भोयाची_लेक

हे आईला वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं तिनं.

परभणी_ते_विरार

मी मूळचा परभणीचा, पण गेली चौदा वर्षं नालासोपाऱ्यात राहतो. लोकलच्या गर्दीत ‘नालासोपारा’ ऐकलं की कुणाच्या मनात बंदर येत नाही. पण वर ज्या सोपाऱ्याचं नाव निघालं ते हेच, शूर्पारक. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे इथं सापडले. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी इथला स्तूप खोदला, त्यात दगडी पेटी आणि तिच्या आत एकात एक करंडक निघाले. स्तूप आजही आहे, झाडांच्या सावलीत. रविवारी मी मुलांना घेऊन जातो. खाडी मात्र गाळानं भरली. जिथं जहाजं नांगर टाकायची तिथं आता इमारती, तळी आणि मिठागरांच्या खुणा.

आणि आता मराठवाड्याशी नातं. सोपाऱ्याच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची बौद्ध कथा आहे. त्याचा भाऊ समुद्रापार चंदन आणायला जातो, तिथला यक्ष चिडून वादळ उठवतो, जहाज बुडायला लागतं आणि भाऊ पूर्णाचा धावा करतो. तो आता भिक्खू झालेला असतो. तो येऊन जहाज वाचवतो. ही कथा रंगवली कुठंय, तर अजिंठ्यात! वाटाड्या सांगतील.

अजिंठ्याचा_वाटाड्या

लेणं क्रमांक २. दालनातल्या भिंतीवर, पाचव्या शतकातलं चित्र. तीन डोलकाठ्या, उंच अरुंद शिडं, मागं सुकाणूची वल्ही, जहाजावर ओळीनं मांडलेली मडकी आणि नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, डोळा. जहाजाला वाट दिसावी म्हणून डोळा काढायची रीत. चित्र झिजलंय, पण दोन मिनिटं उभं राहिलं की नजरेला सापडतं. मी पाहुण्यांना तिथं घाई करू देत नाही.

समुद्रापासून इतक्या लांब, वाघूर नदीच्या डोंगरात बसलेल्या चित्रकारानं हे जहाज काढलं. त्यानं स्वतः पाहिलेलं असो की कुणा व्यापाऱ्यानं सांगितलेलं, बारकावे इतके पक्के आहेत की आपल्या नौदलानं त्याच्यावरून खरं जहाज बांधलं! ‘कौंडिण्य’. खिळा न मारता, फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवून, जुन्या पद्धतीनं. केरळच्या कारागिरांनी शिवलंय. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं आणि डिसेंबर २०२५ च्या अखेरीला पोरबंदरहून निघून, इंजिन नसताना, नुसत्या शिडावर मस्कतला गेलं. त्या दिवशी मी दोन नंबरच्या लेण्यात उभा राहून पाहुण्यांना सांगत होतो, हे चित्र आत्ता समुद्रात आहे. माझा आवाज भरून आला होता.

आपल्या औरंगाबाद लेण्यांतही, सात नंबरला, अष्टमहाभय अवलोकितेश्वर कोरलाय. सिंह, साप, आग, चोर अशा आठ भयांतून वाचवणारा. त्यातलं एक भय जहाज बुडण्याचं आहे. मराठवाड्यातल्या माणसाला जहाज बुडायची भीती कशाला? ज्याचा माल, ज्याचा मुलगा जहाजावर आहे, त्याला.

कोयताबंद

हे शेवटचं वाक्य वाचून थांबलो. आमच्याकडं गाडी कारखान्याला गेली की आई दारात दिवा लावायची.

गंगाथडी

मग बाई, अजिंठ्याचंच जहाज करा! तीन डोलकाठ्यांचं. आपल्या मातीतलं आहे.

भोकरदनकर

गंगाथडी, जरा थांबा. अजिंठ्याचं चित्र पाचव्या शतकातलं, पैठण-भरूचची गाडी पहिल्या शतकातली. मधे चारशे वर्षं गेली. एकाच देखाव्यात दोन्ही ठेवले तर परीक्षक विचारतील. सातवाहनांच्या देखाव्यात जहाज करायचं तर दोन डोलकाठ्यांचं करा, नाण्यावर आहे तसं. अजिंठ्याचं वेगळं लावा, वर शतक लिहून.

परभणी_ते_विरार

भोकरदनकरांचं बरोबर आहे. आणि जहाज पैठणला नको, भरूचला उभं करा.

लदेणीवाला

एक सुचतंय. टेबलाच्या एका टोकाला पैठण, तिथं गाडी. दुसऱ्या टोकाला भरूच, तिथं जहाज. मधे एक सुतळी ताणायची आणि तिला वीस गाठी मारायच्या. एक गाठ म्हणजे एक मुक्काम. पैठणहून दुसरी सुतळी तेरकडं, दहा गाठींची. तिसरी नाणेघाटाकडं, तिच्यावर पाठाळ बैल. पोरं गाठ मोजत जातील.

कोयताबंद

लई भारी! गाठींचा हिशोब मी करून देतो. दर गाठीला पाणी कुठं मिळंल ते बघूनच मुक्काम धरायचा, नदी नाहीतर मोठा ओढा. पितळखोरं साधारण सहाव्या गाठीला येतंय. घाट उतरायला अख्खा एक दिवस वेगळा धरा, उतरताना गाडीच्या चाकाला मागून लाकूड बांधून फरफटत आणावं लागतं, नाहीतर गाडी बैलाच्या अंगावर येती. म्हणून सहावी आणि सातवी गाठ जवळजवळ मारा.

अजिंठ्याचा_वाटाड्या

सहाव्या गाठीला मी पितळखोऱ्याच्या खांबाचा फोटो पाठवतो, लेखाच्या अक्षरांसकट. मुलांना ‘पतिठाण’ ही चार अक्षरं ब्राह्मीत लिहायला शिकवतो, फोनवर. सोपी आहेत.

नाथसागर_बाई

चार दिवसांनी येतेय, शाळेत हेच चाललं होतं.

नागघाटाला जहाज बांधायचं नाही, हे सांगितल्यावर मागच्या बाकावरचा मुलगा हिरमुसला. मग त्याला कोयताबंदांचं गणित वाचून दाखवलं. त्याचे वडील ट्रॅक्टर चालवतात, पण आजोबांकडं गाडी होती. तो घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी आजोबांना घेऊनच शाळेत आला. आजोबांनी सगळ्या वर्गाला गाडीचे भाग सांगितले, आख, साटा, जू, शिवळ. शेवटी मला म्हणाले, “बाई, जहाज नव्हतं तर नव्हतं. पण माल आमचाच होता ना?” मी म्हटलं, हो आजोबा, तुमचाच.

भोयाच्या दोन्ही मुलांनी मिळून नाव केलीय, शेवग्याच्या लाकडाची, वल्ह्यासकट. ती पैठणच्या काठाला उभी आहे, निळ्या कागदावर. एका मुलीनं आईच्या जुन्या बांगड्या रंगवून तेरच्या टोकाला ठेवल्यात. लदेणीवाल्यांच्या बैलाला गोणी शिवायची राहिलीय.

आता एकच अडचण. दोन डोलकाठ्यांचं जहाज मुलांना खिळे न मारता शिवायचंय, कौंडिण्यसारखं. सुतळीनं पुठ्ठा फाटतोय. काथ्याची बारीक दोरी पैठणच्या बाजारात जाडच मिळतेय. कुणाकडं आहे का?

परभणी_ते_विरार

वसईच्या बाजारात मिळते, नारळाच्या काथ्याची, सुतळीपेक्षा बारीक वळलेली. शनिवारी रात्रीच्या गाडीनं परभणीला निघतोय, आईला बघायला. संभाजीनगरला पहाटे उतरतो आणि पैठणला येऊन देऊन जातो. किती मीटर लागेल तेवढं सांगा. जहाज किती लांबीचं आहे?

नाथसागर_बाई

दादा, जहाज अडीच फूट आहे. रविवारी शाळा बंद असते, पण मुलं येतात म्हणालीत. चहाला थांबाच.